आडनावाची अट

प्रियदर्शनी आमच्या मागच्या खोलीत राहायला आली ती वडिलांच्या पाठोपाठ, मान खाली घालून. हातात वळकटी, वडिलांच्या डोक्यावर पत्र्याची पेटी. वडील धोंडिराम कांबळे, तिचे अण्णा, जत तालुक्यातल्या एका शाळेत शिपाई होते. पेटी खाली ठेवून त्यांनी आधी अंगणातला नळ सोडून बघितला आणि पाणी आल्यावर लगेच बंद केला, जणू दुसऱ्याचं काही सांडलं.

"रोज येतं व्हय ताई?"

"सकाळ-संध्याकाळ येतं."

"मग पोरगी ऱ्हाईल," ते म्हणाले. "आमच्याकडं टँकरची वाट बघत निम्मं आयुष्य जातं."

पोरगी राहिली. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला भाऊसोंचा कॉम्प्युटर क्लास होता, तिथं आधी शिकायला आणि वर्षभरात शिकवायला लागली. क्लासात तिला सगळे दर्शनी मॅडम म्हणत. आमच्या घरात ती दर्शीच. अंगानं किरकोळ, बोलायला हळू, पण चूक दिसली की तिचं बोट पडद्यावर जाऊन बसायचं आणि ती दुरुस्त होईपर्यंत तिथून हलायचं नाही.

दुपारी बायकांसाठी एक तुकडी काढली तेव्हा तिनं मलाही ओढून नेलं. मी बी.ए. झालेली, पण लग्नानंतर पुस्तक हातात घेतलं ते मुलांच्या अभ्यासापुरतं. इंटरनेटच्या पानांवर चालणारी ती जावास्क्रिप्ट नावाची भाषा मला काही केल्या डोक्यात शिरेना. एकदा संध्याकाळी मी भाजी निवडत होते, तेव्हा तिनं ती ओट्याशी बसून शिकवली.

"काकू, आजी दुपारी झोपल्या असल्या तर तुम्ही काय करता?"

"कुकर लावत नाही. शिट्टीनं जाग येते त्यांना."

"आणि जाग्या असल्या तर?"

"तर लावते."

"झालं. हेच इफ आणि एल्स. झोपल्या असतील तर हे, नाहीतर ते."

"आणि झोपल्याचं सोंग घेऊन माझं बोलणं ऐकत असल्या तर?"

आतल्या खोलीतून सासूबाई खाकरल्या. दर्शी तोंडावर ओढणी दाबून हसली. "ती तिसरी अट काकू. तीसुद्धा लिहावी लागते. माणसाला आपण अर्धं सांगतो, बाकीचं त्याला ठाऊक असतं. ह्याला काहीच ठाऊक नसतं. आपण धरून चालतो ते सगळं ह्याला लिहून द्यायचं."

तिची आई आक्काताई एकदा येऊन गेली. कोरड्या मुलखातली काटक बाई, बोलण्यात मध्येच कानडी शब्द यायचा. दर्शी क्लासला गेली होती. आक्काताई शेंगा सोलता सोलता म्हणाली, "माझा भाऊ अथणीकडं हाय. त्येचा कुणाल टँकर चालवतोय. पोरगा लय गुणाचा. आमच्याकडं भाची आधी मामाच्या घरात इचारत्यात. हिचा बा म्हंतोय शिकू दे. म्हनलं शिकू दे. पण दिवाळीपतूर नोकरी पक्की झाली तर झाली. न्हाई तर मी भावाला शबूद दिलाय."

"तिच्या मनात काय आहे?"

"तिच्या मनात मशीन हाय," आक्काताई म्हणाली आणि टरफलं पदरात गोळा करून उठली.

दर्शीच्या मनात खरंच तेवढंच होतं. कुणाल वाईट नव्हता, तीच सांगायची. लहानपणी तिनं त्याच्याबरोबर बोरं वेचली होती. "पण तिथं वीज रात्रीची येते काकू, आणि फोन ग्रामपंचायतीत. तिथं मी कशावर काम करणार? आणि ते नाही केलं तर मग मी कोण?" असं काही ती एरवी बोलत नसे.

भाऊसोंनी तिला शब्द दिला तो १९९८च्या श्रावणात. भाऊसोंचे मामा हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. क्लास ज्या इमारतीत होता ती त्यांचीच. खालच्या मजल्यावर ते राहत आणि मराठा समाजासाठी वधूवर सूचक मंडळ चालवत. स्थळं बघायला दारात रविवारी जीपगाड्या लागत. त्यांच्या मनात आलं की आता मंडळ इंटरनेटवर न्यायचं, अमेरिकेतली मुलंसुद्धा सांगली-साताऱ्याच्या मुली बघतील. भाऊसो दर्शीला म्हणाले, "मामांचं हे काम नीट करून दे. दसऱ्याला उद्घाटन, आणि दिवाळीपासून तू कायम."

ती कामाला लागली. हंबीररावांच्या दिवाणखान्यात कॉम्प्युटर बसवला आणि ती रोज तिथं जाऊन मुलामुलींची माहिती भरू लागली. अटी हंबीरराव सांगत, फौजी थाटात, एकेक बोट दुमडून. मुलगा मुलीपेक्षा वयानं मोठा पाहिजे. उंची कमी नको. शिक्षण मुलीपेक्षा कमी नको. देवक एक असेल तर बाद, कारण एका देवकाची माणसं भाऊबंद.

"आणि देवक लिहिलेलंच नसेल तर सर?"

"बऱ्याच जणांना हळदीच्या दिवसापर्यंत आठवत नसतंय ते. रिकामं असलं तर जाऊ दे पुढं. ठरवताना इचारत्यात."

"आणखी काही अट?"

"बास. ओके रिपोर्ट."

हे सगळं ती मला रात्री जेवताना सांगे, आणि आम्ही दोघी ताटाच्या कडेला बोटानं अटींचा क्रम लावत बसू.

त्या घरात ती रुळली होती. हंबीररावांच्या बायको, अंजनाबाई, तिच्या हातात चहा देत, आग्रह करून थालीपीठ वाढत. तिचं आडनाव कुणी विचारलं नाही. भाऊसोंना कागदपत्रांवरून ठाऊक होतं, ते बोलले नाहीत. तीही बोलली नाही. नवरात्रात एका सकाळी अंजनाबाईंचे हात पिठात होते. त्या म्हणाल्या, "दर्शनी, तेवढी माळ बांध गं घटावर." तिनं बांधली. घरी येऊन तिनं जेवणच टाकलं.

"आम्ही हे मानत नाही काकू. अण्णांना कळलं तर?"

"मग नाही म्हणायचंस."

"का नाही, असं विचारलं असतं त्यांनी. मग काय सांगू?"

दसऱ्याला दरवर्षी ती गावी जायची. त्यांच्याकडे तो धर्मांतराचा दिवस. सकाळी पांढरे कपडे घालून सगळी वस्ती विहारात जमते. त्या वर्षी ती गेली नाही. पांढरी साडी मात्र नेसली आणि मला घेऊन हंबीररावांच्या दिवाणखान्यात जाऊन बसली.

कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला होता. कुणीतरी उंदरावरसुद्धा, म्हणजे त्या माऊसवर, हळदकुंकू वाहिलं होतं. दर्शीनं ते हळूच पुसून घेतलं. नारळ फुटला. फोनची तार जोडली तसा तो चरचर आवाज सुरू झाला आणि जमलेली मंडळी गप्प झाली. पाहुणे म्हणून उंब्रजचे बागायतदार लालासाहेब साळुंखे आले होते. पांढरी मिशी, कडक टोपी, दिलखुलास माणूस.

"आमच्या नातीचं टाक बाळ," ते म्हणाले. "संयोगिता नाव. बघू तुझं मशीन कुठला राजकुमार काढतंय."

दर्शीनं विचारत विचारत भरलं. वय, उंची, शिक्षण. देवक, कमळ. आडनाव, साळुंखे. गाव, उंब्रज. मग बटण दाबलं. थोडा वेळ पडदा पांढराच राहिला आणि मग नावं आली. पहिलंच नाव होतं वीरधवल साळुंखे, उंब्रज, बी.एस्सी. ॲग्री.

मागून कुणीतरी मोठ्यानं वाचलं. "आवं, ह्यो तर आपला वीरू!"

वीरधवल म्हणजे लालासाहेबांच्या सख्ख्या भावाचा नातू. संयोगिता दर राखीपौर्णिमेला त्याला राखी बांधायची. एक पोरगा फिस्सकन हसला. दुसरा म्हणाला, "सुभेदार, भाऊ-बहिणीचं लगीन लावताय व्हय? वऱ्हाडाचा खर्च तरी वाचंल, घरचंच कार्य!"

लालासाहेबांच्या मिशीखालचं हसू गेलं. हंबीररावांची मान लाल झाली.

"दर्शनी, हे काय?"

तिचं बोट पडद्यावर गेलं होतं. "सर, वीरधवल यांचं देवक भरलेलं नाही. रिकामं असलं तर पुढं जाऊ दे म्हणाला होतात तुम्ही."

"अगं पण आडनाव! आडनाव दिसत न्हाई तुला?"

"आडनावाची अट नव्हती सर."

मी मागच्या खुर्चीवर होते. राहवलं नाही. "सुभेदार, तिला आडनावाचं सांगितलं होतं का तुम्ही?"

"वहिनी, हे सांगायचं असतंय होय?" ते माझ्यावरच उखडले. "शेंबड्या पोराला कळतंय. एका आडनावात सोयरीक होतीय का कुठं?"

"होते की सर," दर्शी म्हणाली. अगदी सरळपणानं म्हणाली. आपली चूक कशी झाली ते आपल्याला कळलं, आता यांनाही कळेल, अशा आनंदानं. "आमच्यात आडनाव बघतच नाहीत. माझी आई माहेरची कांबळेच आहे. आमच्या वस्तीत तर निम्म्याहून जास्त..."

तिथं ती थांबली. तिला माझा चेहरा दिसला असावा.

 हे मला नीट आठवतं, की कुणीही वाईट शब्द उच्चारला नाही. अंजनाबाई पेढ्यांचं ताट घेऊन आतून येत होत्या, त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"म्हणजे परवा घटाला माळ..." एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी ताट टेबलावर ठेवलं. "घ्या सगळ्यांनी," म्हणाल्या आणि आत गेल्या. एरवी त्या घरात पेढा प्रत्येकाच्या हातावर ठेवत.

दर्शी वळून कामाला लागली. दोन्ही आडनावं सारखी असतील तर बाद, एवढी ओळ तिनं घातली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. परत बटण दाबलं. वीरधवल गेला. कऱ्हाडचा एक मोहिते वर आला, देखणा, इंजिनिअर.

"झालं सर," ती म्हणाली. पण पडद्याकडे तेव्हा कुणी बघत नव्हतं. लोक एकमेकांना आपट्याची पानं देत होते.

दुसऱ्या दिवशी भाऊसो तिला म्हणाले, "लालासाहेबांना भेटून ये. मोठा माणूस आहे. एकदा पाया पडलीस की विषय मिटेल."

"चूक माझी आहे का काकू?" तिनं मला विचारलं. "मी 'आणखी काही' असं विचारलं होतं."

"नाही तुझी."

"तरी जाते. कायम होणार असेल तर पाया पडायला काय."

एसटीनं आम्ही दोघी कऱ्हाडवरून उंब्रजला गेलो. लालासाहेब सोप्यावर पेपर वाचत होते. ती पाया पडायला वाकली तसे ते पाय मागे घेऊन हसायला लागले. ते पाय मागे घेणं कशासाठी, म्हणून मी बघत होते. पण त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अगं येडे, यंत्र ते! आमच्या संयोगितानं तर वीरूला चिडवून चिडवून रडवलाय. माझ्या मनात काय न्हाई. सुभेदाराला सांग, लालासाहेब हसत व्हता म्हणून."

येताना ती गाडीत किती बोलली! खिडकीतून दिसणारा ऊस दाखवत होती, पुढं काय काय शिकणार ते सांगत होती. मीही म्हटलं, सुटलो.

भाऊसोंनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले.

"त्यांचा राग नाहीच गं दर्शनी," ते म्हणाले. "प्रश्न त्यांचा नाही. मामींनी सगळं देवघर धुऊन काढलंय. मामा म्हणतायत, पोरगी हुशार आहे, पण तिनं लपवलं. जागा त्यांची आहे. मी काय करू सांग?"

"मी लपवलं नाही सर. तुम्हाला माहीत होतं."

"मला कुठं माहीत होतं?" भाऊसो म्हणाले. आणि हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, तिच्याकडेही नाही.

तिची जागा घ्यायला अंजनाबाईंची भाची आली. चांगली मुलगी, पण कच्ची. एकात एक अशा दोन अटी आल्या की गोंधळायची. त्यात हंबीररावांनी नवीन फर्मान काढलं. पान आता साऱ्या जगाला उघडं होतं, उद्या कोण कुठला येऊन आमच्या मुलींची नावं वाचेल? तेव्हा सगळ्यांत वर जातीचा रकाना हवा. मराठा लिहिलं तरच पुढची दारं उघडायची. भाचीला ते जमेना. भाऊसोंनी दर्शीला निरोप दिला, "एवढं करून दे. अनुभवाचा दाखला चांगला लिहून देतो."

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "करू दे त्यांचं त्यांना."

"दाखला नसला तर दोन वर्षं मी इथं काय करत होते, ते कुणाला कळणार?"

ती गेली. दुपारच्या तुकडीला मी शेजारच्याच मशीनवर होते. भाचीला जवळ बसवून तिनं शांतपणे समजावलं. "ही अट सगळ्यांत वर घ्यायची. खाली घेतलीस तर आधी बाकीचं सगळं तपासत बसेल आणि शेवटी नाही म्हणेल. नाहीच म्हणायचं असेल तर पहिल्यांदाच म्हणावं." भाची वहीत उतरवून घेत होती. एल्सच्या खाली काय लिहायचं ते हंबीररावांनी चिठ्ठीवर दिलं होतं. दर्शीनं ते तसंच टाकलं.

"आता तपासू," ती म्हणाली आणि भरायला लागली. नाव प्रियदर्शनी. आडनाव कांबळे. गाव, तालुका, वय, शिक्षण. जात.

मी हात धरला. "दुसऱ्या कुणाचं टाक की गं. खोटं टाक काहीतरी."

"खोटं टाकून कळत नाही काकू. खोट्याला ते कसंही फसतं."

तिनं बटण दाबलं. बाकी पान पुसलं गेलं आणि मधोमध एकच ओळ आली. 'सॉरी, नो मॅच फाउंड.'

भाची हळूच म्हणाली, "आलं मॅडम! बरोबर ना?"

"बरोबर आहे," दर्शी म्हणाली. "आणखी चार-पाच नावं टाकून बघ. एकावर विसंबायचं नाही."

धोंडिराम दिवाळीच्या तोंडावर तिला न्यायला आले. आत या म्हटलं तर पायरीवरच बसले. "बसलोय की बरा." मी चहा दिला. तो त्यांनी बशीत ओतला आणि तसाच गार होऊ दिला.

"नापास झाली असती तर समजूत घातली असती ताई," ते म्हणाले. "पास होऊन परत न्हेतोय."

दर्शी पेटीला कुलूप घालत होती. माळेचं तिनंच त्यांना सांगितलं होतं, ते येण्याआधी फोनवर की आल्यावर, मला ठाऊक नाही. रिक्षा आली तेव्हा त्यांनी ते काढलं.

"नोकरी गेली, जाऊ दे. तू त्यांच्या घटाला माळ बांधलीस, दर्शे?"

तिनं पेटीचं कुलूप परत एकदा ओढून बघितलं. त्यांनी परत विचारलं नाही. पेटी डोक्यावर घेतली आणि रिक्षाकडं चालायला लागले.

मार्चमध्ये लग्न झालं. मी माझ्या मुलीला घेऊन गेले होते. शाळेच्या पटांगणात मांडव, बाहेर टँकर उभा, त्यालाही फुलांची माळ. तो नवऱ्याचाच टँकर, माणसांना प्यायला पाणी त्यातूनच. कुणाल खरोखर चांगला दिसला. पंगतीत स्वतः पाणी वाढत होता. आक्काताईनं मला भावाशेजारी बसवलं आणि तीनतीनदा सांगितलं, "ह्यो माझा भाऊ."

दर्शीला भेटायला गेले तेव्हा ती बायकांच्या घोळक्यात पांढऱ्या साडीत बसली होती. माझा हात धरून तिनं मला जवळ ओढलं. मला वाटलं रडणार.

"काकू, पान चालू आहे का?"

"चालू आहे."

"अडकत नाही ना कुठं? आडनावाला, देवकाला?"

"नाही. भाऊसो सांगत होते, रोज लोक येतात. एकही तक्रार नाही."

"सगळ्यांत वरच्या अटीला?"

"नाही गं."

 मग तिनं मान हलवली, क्लासात एखादीचं उदाहरण सुटलं की हलवायची तशी.

"मग नीट लिहिली होती मी," ती म्हणाली. तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली, आणि ती उठून गेली.